ट्रॅकर सॅकच्या तळाशी नको

मोबाइलची रेंज नसलेल्या भागात ट्रेकला किंवा पॅराग्लायडिंगला जाताना सॅटेलाइट ट्रॅकर (उपग्रहामार्फत तुमचं लोकेशन पाठवणारं छोटं यंत्र) सॅकमध्ये कोंबू नका. त्याला मोकळं आकाश लागतं. खांद्याच्या पट्ट्यावर, अँटेना वर करून आणि दोन्हीपैकी कुठल्याही हाताने एसओएसचं बटण दाबता येईल असा बांधा. पडल्यावर नेमका उजवा हातच मोडलेला असू शकतो!

लोकेशन किती वेळाने पाठवायचं, हे वेगावर ठरवा. चालताना १० मिनिटांचं अंतर पुरतं. ताशी ४० किलोमीटरने उडताना मात्र तेवढ्यात तुम्ही साडेसहा किलोमीटरहून जास्त पुढे गेलेले असता, म्हणजे शोधणाऱ्यांसाठी अख्खी दरी. तेव्हा २ मिनिटं ठेवा, बॅटरी जास्त खाल्ली तरी चालेल.

निघण्याआधी सबस्क्रिप्शन चालू आहे ना ते बघा आणि उघड्यावर उभं राहून एक टेस्ट मेसेज पाठवा. उतरल्यावर ‘सुखरूप’ एवढा मेसेज टाकायला विसरू नका. नकाशावर थांबलेला ठिपका बघून घरच्यांना काहीच कळत नाही: चहा पिताय की झाडाला लटकलाय? किती वाजेपर्यंत वाट बघायची आणि मग कुणाला फोन करायचा, हे त्यांना लिहूनच द्या.