नियमाची बातमी आणि ॲपवरचा भरवसा: मत देण्यापूर्वी काय तपासावे

1 डिसेंबर 2025 रोजी बातमी आली की, भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच घातलेले असावे, असा आदेश दूरसंचार विभागाने उत्पादकांना दिला असून त्यासाठी 90 दिवसांची मुदत ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी केंद्रीय मंत्र्यांनी सांगितले की, ज्याला हे ॲप नको असेल त्याने ते काढून टाकावे. 3 डिसेंबरला तर सक्तीच मागे घेण्यात आली. या तीन दिवसांत ओळखीच्या तिघांनी मला तीन वेगवेगळी मते ऐकवली आणि ज्याने जे वाचले होते त्यापुरते प्रत्येकाचे बरोबरच होते. मूळ आदेश मात्र तिघांपैकी एकानेही उघडून पाहिला नव्हता. तो 28 नोव्हेंबरचा होता, आणि पहिल्यांदा फोन सुरू करताना ॲप सहज दिसावे व त्यातील सुविधा बंद किंवा मर्यादित केलेल्या नसाव्यात, असे त्यात लिहिलेले होते. हे बंधन केवळ उत्पादकावर होते की वापरणाऱ्यालाही ते ॲप काढता येणार नव्हते, हा वादाचा खरा मुद्दा होता, आणि तो मंत्र्यांच्या तोंडी खुलाशातून नव्हे, तर आदेशातील त्या एका वाक्यातूनच कळत होता.

कायदा असो की सॉफ्टवेअर, दोन्ही आवृत्त्यांमध्ये येतात. म्हणून मत बनवताना ते कोणत्या तारखेच्या कागदाविषयी किंवा कोणत्या आवृत्तीविषयी आहे, हे आधी ठरवावे. ते कसे करायचे, याची मी स्वतः पाळत असलेली रीत पुढे दिली आहे.

सरकारी निर्णयाची बातमी वाचताना पहिला प्रश्न असा विचारावा की, हा कागद सध्या कोणत्या पायरीवर आहे. हरकती व सूचना मागवण्यासाठी काढलेला मसुदा, संसदेत मांडलेले विधेयक, राष्ट्रपतींची संमती मिळालेला अधिनियम, त्याखाली केलेले नियम आणि ते अंमलात आणणारी अधिसूचना या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीच्या मथळ्यात मात्र सर्वांनाच ‘नवा कायदा’ म्हटले जाते. आपल्याकडे जीआर वाचण्याची सवय असलेल्या शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. संगणक क्षेत्रातील सुशिक्षितांना तो सांगावा लागतो, असा माझा अनुभव आहे.

डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण अधिनियमाचे उदाहरण घ्या. त्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 रोजी निघाला आणि अंतिम नियम नोव्हेंबर 2025 मध्ये राजपत्रात आले. या प्रत्येक वेळी ‘आता तुमची माहिती सुरक्षित’ अशा अर्थाचे मथळे झळकले. राजपत्र केंद्र सरकारच्या ई-गॅझेट संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येते. ते उघडल्यावर मधली पाने वाचण्याची घाई न करता आधी नियम 1 वाचावा, कारण नियम कधीपासून लागू होणार हे तिथेच लिहिलेले असते. या नियमांच्या बाबतीत तिथे तीन तारखा आढळतात: नियम 1, 2 आणि 17 ते 21 प्रसिद्धीबरोबर लागू, नियम 4 एका वर्षाने, आणि उरलेले सर्व 18 महिन्यांनी. लगेच लागू झालेल्या भागात मुख्यतः विदा संरक्षण मंडळाची स्थापना आणि कामकाज येते. तुमच्या माझ्या रोजच्या कामाचे नियम, म्हणजे संमती घेताना द्यावयाची सूचना कशी असावी, माहिती फुटल्यास ग्राहकाला कसे कळवावे इत्यादी, 18 महिन्यांच्या गटात आहेत. म्हणजे हिशेब मे 2027 पर्यंत जातो. त्यामुळे ‘कायदा आला, पण काहीच बदलले नाही’ ही तक्रार आणि ‘कायद्याने सर्व बदलले’ हा दावा, दोन्ही हा एक नियम न वाचल्यामुळे केले जातात. नियम वाचून झाले की मूळ अधिनियमाची शेवटची कलमेही पाहावीत, कारण इतर कायद्यांतील दुरुस्त्या तिथे ठेवलेल्या असतात. याच अधिनियमाच्या कलम 44 मध्ये माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मधील वैयक्तिक माहितीविषयीची तरतूद बदलली आहे, आणि माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांचा मुख्य आक्षेप त्यावरच आहे.

दुसरी पायरी न्यायालयाची, आणि इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीची ‘खोटी’ माहिती सरकारच्याच तथ्य तपासणी कक्षाने ठरवावी, अशी दुरुस्ती एप्रिल 2023 मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयात तिला आव्हान दिले गेले. 31 जानेवारी 2024 रोजी दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परस्परविरोधी निकाल दिले, म्हणून प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले. 20 मार्च रोजी सरकारने कक्षाची अधिसूचना काढली. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. अखेर 20 सप्टेंबर 2024 रोजी तिसऱ्या न्यायमूर्तींनी ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. एकाच नियमाविषयीच्या या बातम्या आपापल्या दिवशी खऱ्याच होत्या. त्यातली मार्चमधली एखादी जुनी बातमी आज कोणी पुढे पाठवली, तर ती खोटी नसूनही दिशाभूल करते. म्हणून न्यायालयाची बातमी वाचताना ‘स्थगिती’, ‘रद्द’ आणि ‘नोटीस’ हे तीन शब्द नीट वेगळे करावेत. नोटीस निघाली म्हणजे न्यायालयाने समोरच्याचे म्हणणे मागवले, इतकेच. स्थगिती म्हणजे तूर्त थांबा. रद्द म्हणजे खरोखरच रद्द, अर्थात वरच्या न्यायालयाने तो निकाल थांबवला किंवा फिरवला नाही तोपर्यंत.

अर्थात रद्द झालेले कलमही कधी कधी चालूच राहते. पालघरच्या दोन तरुणींना 2012 मध्ये फेसबुकवरील मजकुरामुळे अटक झाल्यावर माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ज्या 66अ कलमाची देशभर चर्चा झाली, ते सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. त्यामुळे कागद वाचणे आवश्यक असले तरी अंमलबजावणीची बातमी वेगळी वाचावी लागते.

कंपन्या आणि बिघाडांच्या बातम्यांसाठी एकच पथ्य पुरेसे आहे: पहिल्या दिवशी कारणावर मत देऊ नये. 19 जुलै 2024 रोजी जगभर विंडोज संगणकांवर निळे पडदे आले आणि भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, तेव्हा सायबर हल्ल्याची शंका तात्काळ पसरली. प्रत्यक्षात क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेली एक सदोष अद्ययावत फाइल कारणीभूत होती, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 85 लाख संगणकांना तिचा फटका बसला.

आता सॉफ्टवेअरवरील विश्वासाकडे वळतो. फोनमधील ॲपची तपासणी तुलनेने सोपी आहे. आमच्या सोसायटीत येणाऱ्याजाणाऱ्यांची नोंद ठेवणारे एक ॲप बसवले गेले आणि त्याने पहिल्याच पडद्यावर माझ्या संपर्क यादीची परवानगी मागितली. फाटकावर कोण आले हे कळवण्यासाठी माझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो, असे मी कार्यकारिणीच्या सभेत विचारले, तेव्हा सचिवांनी ‘सगळेच मागतात हो’ असे उत्तर दिले. मी परवानगी नाकारली. ॲप आजतागायत व्यवस्थित चालते आहे. नियम साधा आहे: परवानगी आधी नाकारावी, एखादे काम खरोखर अडले तरच द्यावी, आणि सेटिंग्जमधील परवानग्यांची यादी दोन-तीन महिन्यांनी एकदा चाळावी.

संगणकावर उतरवून घेतलेल्या प्रोग्रामची तपासणी थोडी खोल आहे. अनेक प्रकल्प फाइलशेजारी 64 अक्षरांची एक हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली ठशासारखी खूण, छापतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ आणि लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ‘शा256सम’ हा आदेश दिला की आपल्याकडील फाइलची हॅश मिळते, आणि दोन्ही तंतोतंत जुळल्या की फाइल वाटेत बदललेली किंवा अर्धवट उतरलेली नाही, इतके कळते. यापेक्षा जास्त काही कळत नाही, हे लक्षात ठेवावे. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंट या लिनक्सच्याच एका प्रकाराच्या संकेतस्थळात घुसखोरांनी शिरकाव करून सिनॅमन आवृत्तीचा दुवा मागील दार (घुसखोराला गुपचूप आत येऊ देणारी वाट) ठेवलेल्या फाइलकडे वळवला होता. ज्याच्या हाती पान गेले, त्याला त्या पानावरची हॅशही बदलता येते. म्हणून हॅशसोबत डिजिटल स्वाक्षरी (फाइल कोणी प्रसिद्ध केली याची खूण) दिली असेल तर तीही पडताळावी, आणि ती पडताळण्याची सार्वजनिक किल्ली त्याच पानावरून न घेता दुसऱ्या ठिकाणाहून घ्यावी.

स्वाक्षरी खरी असूनही दगा होऊ शकतो, हे 2024 मध्ये दिसले. एक्सझेड हे फाइल आवळण्याचे छोटे साधन लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (तयार संचांत) असते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी 2021 पासून त्यात चिकाटीने काम करून सहदेखभालकर्त्याची जागा मिळवली आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत मागील दार घातले. मुद्द्याची बारीक गोष्ट अशी की, ते सुरू करणारी महत्त्वाची ओळ सर्वांना दिसणाऱ्या कोड-भांडारात नव्हती. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या संकुचित फाइलमध्ये होती. कोड खुला आहे म्हणून कोणीतरी वाचला असेलच, असे मानणाऱ्यांनी वाचलाही असता, तरी चुकीचा कोड वाचला असता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला आपल्या यंत्रावर एसएसएच (दुरून संगणकात शिरण्याची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्याने कारण खणून काढले आणि 29 मार्च 2024 रोजी ते जाहीर केले. त्यामुळे ‘खुले आहे का’ या प्रश्नाला मी आणखी दोन प्रश्न जोडतो: देखभाल किती जण करतात, आणि मी बसवतो ती फाइल त्याच खुल्या कोडपासून कोणी तयार केली.

अपडेट कधी घ्यावेत, याला सरसकट उत्तर नाही. 27 जून 2017 रोजी ‘नॉटपेट्या’ हा संगणकातील माहिती निकामी करणारा घातक प्रोग्राम पसरला तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून, म्हणजे ज्यांनी शिस्तीने अपडेट घेतले त्यांच्याच घरात तो आधी शिरला. पण पुढे जाळ्यात फैलावताना त्याने वापरलेल्या मार्गांपैकी एक मार्ग विंडोजमधील अशा छिद्राचा होता, ज्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. मर्स्क या जहाजवाहतूक समूहाला बसलेल्या या फटक्याने न्हावा-शेवा येथील जेएनपीटी बंदरातील त्यांच्या टर्मिनलचेही काम विस्कळीत झाले. म्हणून मी ऑपरेटिंग सिस्टिम, ब्राउझर आणि फोनचे सुरक्षा अपडेट त्याच दिवशी घेतो. इतर प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या दोन-तीन आठवडे थांबून घेतो. आणि घरातील हिशेब व फोटो यांची एक प्रत अशा हार्ड डिस्कवर ठेवतो, जी रविवारचा तासभर वगळता संगणकाला जोडलेली नसते.