गळक्या स्टेअरिंग रॅकचे काम हाती घेण्यापूर्वीची तयारी

आपल्या गाडीचे पॉवर स्टेअरिंग तेलावर चालते की विजेवर, हे सर्वप्रथम पाहून घ्यावे. मारुती स्विफ्टसारख्या अनेक छोट्या गाड्यांत स्टेअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते. तेथे रॅकमध्ये (स्टेअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोहोचवणाऱ्या आडव्या दातेरी यंत्रणेत) दाबाचे तेल नसतेच, त्यामुळे रॅकच्या टोकाच्या फाटलेल्या बुटातून (रबरी आवरणातून) ग्रीस बाहेर आलेले दिसले तर नवा बूट आणि नवे ग्रीस यांची सोय करावी, पण त्याला तेलगळती समजून रॅक उतरवण्याचे कारण नाही. २००५ ते २०१६ या काळात भारतात विकल्या गेलेल्या पहिल्या पिढीच्या इनोव्हासारख्या गाड्यांत मात्र इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा पंप, तेलाची टाकी, दोन होज (लवचीक नळ्या) आणि रॅक अशी पूर्ण तेलवाहिनी असते. पुढील तयारी अशा गाड्यांसाठी आहे.

तेल नेमके कोठून येते हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नये. रॅक गाडीच्या तळाशी आडवा बसवलेला असल्याने वर कोठेही पाझरलेले तेल उतरत उतरत त्याच्यावरच येते, आणि होजची क्लिप सैल असतानाही दोष रॅकच्या माथी बसतो. म्हणून रिटर्न होजच्या (तेल टाकीत परत नेणाऱ्या नळीच्या) क्लिपा, प्रेशर होजवरचा (पंपाकडून दाबाचे तेल रॅककडे नेणाऱ्या नळीवरचा) दाबून बसवलेला धातूचा सांधा, पंपाच्या शाफ्टचे सील (तेल अडवणारी रबरी कडी) आणि टाकीला गेलेली बारीक चीर ही ठिकाणे आधी तपासून निकालात काढावीत. खाली पडलेला थेंब पांढऱ्या सुती फडक्यावर टिपून पाहावा: स्टेअरिंगचे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही वापरले जाणारे) तेल नवे असताना लाल आणि जुने झाल्यावर तपकिरी दिसते, इंजिन ऑइल काळपट असते, तर कूलंट पाण्यासारखा पातळ असून त्याला गोडसर वास येतो.

त्यानंतर रॅक, पाइप आणि पंपाचा खालचा भाग डिग्रीझरने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडा करावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण निदानाचा निम्मा भार यावरच असतो. टाकीतील पातळी खुणेपर्यंत आणून, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवावे, मदतनिसाला स्टेअरिंग दोन्ही बाजूंना सावकाश पूर्ण वळवायला सांगावे आणि आपण बाजूने टॉर्च धरून पाहावे. स्टेअरिंग टोकाला नेऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. त्या स्थितीत पंप कमाल दाबावर काम करतो, तेल झपाट्याने तापते आणि दुबळे सील तेथेच हार मानते. ज्या होजजवळ तेलाचा फवारा उडत असेल तेथे हात नेऊ नये, आणि तो फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर जात असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे, कारण हे तेल पेट घेऊ शकते.

खरी परीक्षा बुटाची. रॅकच्या दोन्ही टोकांना असलेला रबरी घडीचा बूट हाताने दाबून पाहावा. आत तेल साचले असेल तर तो जड लागतो आणि खालच्या घडीत काहीतरी हलल्यासारखे जाणवते. बाहेरच्या बाजूची क्लिप काढून, खाली ट्रे धरून बूट हळूच मागे सारावा. आत ग्रीसचा थर असणे स्वाभाविक आहे, पण पातळ लाल तेलाची धार ट्रेमध्ये उतरली तर रॅकच्या टोकाचे सील गेले, हे पक्के समजावे. काही गाड्यांत दोन्ही बूट हवेच्या बारीक नळीने जोडलेले असतात, तेव्हा एका बाजूचे तेल दुसऱ्या बाजूला सापडू शकते. म्हणून दोन्ही बूट उघडून पाहिल्याशिवाय बाजू ठरवू नये. स्टेअरिंगचा दांडा रॅकमध्ये जिथे शिरतो तिथे ओल असेल तर दोष पिनियनच्या (त्या दांड्याच्या टोकाच्या, रॅकला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) वरच्या सीलचा आहे.

आता सील किट आणावे, रिकंडिशन केलेला रॅक घ्यावा की नवा, हा निर्णय दुकानात नव्हे, रॅकच्या आतील चकचकीत दांडा पाहून घ्यावा. दांडा पुसून त्यावरून नख फिरवावे; नख अडकेल इतका खड्डा किंवा गंजाची पुळी असेल तर नवे सील घालणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे, कारण तोच खड्डा दर वळणाला सीलची कड खरवडत राहतो. फाटका बूट तसाच ठेवून एखादा पावसाळा काढलेल्या गाडीत, विशेषतः कोकणासारख्या दमट पट्ट्यात, हे हमखास आढळते. रिकंडिशन केलेला रॅक घेताना तो यंत्रावर दाब देऊन तपासला आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि लेखी हमी घ्यावी. गळती थांबवण्याच्या नावाखाली तेलात ओतायची रसायने मिळतात. ती रबर फुगवून काही काळ वेळ मारून नेतात, त्यांना दुरुस्ती म्हणू नये.

सामानाची जमवाजमव काम सुरू होण्यापूर्वीच पूर्ण असावी, नाहीतर तांब्याच्या एका वॉशरसाठी गाडी स्टँडवर अडकून पडते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे पुरेसे तेल आणावे. इनोव्हासारख्या गाड्यांत डेक्सरॉन प्रकारचे एटीएफ चालते, पण होंडाच्या गाड्यांना त्यांचे स्वतःचे तेल लागते आणि तेथे एटीएफ घालू नये. नवे वॉशर व ओ-रिंग, नव्या स्प्लिट पिना, दोन नवे बूट आणि त्यांच्या क्लिपा घ्याव्यात. टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाचा सांधा) सोडवायला पुलर (ओढून काढणारे अवजार) हवाच. हातोडीने ठोकून सांधा सुटतो खरा, पण आटे चेपतात आणि रबर फाटते. पाइपाच्या नटांना पकड घेणारा फ्लेअर नट पाना, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने नट कसणारा पाना), तेलाचा ट्रे आणि उघड्या तोंडांना लावायची स्वच्छ बुचे जवळ ठेवावीत. गंजलेल्या नटांवर गंज सैल करणारे तेल आदल्या रात्रीच मारून ठेवावे.

गाडी सपाट, कठीण जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि पुढचा भाग स्टँडवर टेकवल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये, कारण नुसता जॅक हा आधार नव्हे. चाके सरळ करून स्टेअरिंग दोरीने किंवा सीटबेल्टने बांधून ठेवावे. एअरबॅग असलेल्या गाडीत ही खबरदारी दुप्पट महत्त्वाची आहे, कारण रॅकपासून सुटलेले स्टेअरिंग मोकळे फिरले तर त्याच्या आतील गुंडाळलेली वायर तुटते. बॅटरीची ऋण तार काढावी, स्टेअरिंगच्या दांड्याच्या सांध्यावर आणि पिनियनवर रंगाची एकच सलग रेघ ओढावी, आणि टाय रॉडचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून वहीत लिहावे.

रॅक स्वतः उघडायचा असेल तर टेबल धूळमुक्त असावे आणि उघडलेला प्रत्येक भाग क्रमाने मांडून त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. नवे सील दांड्याच्या दातांवरून सरकवताना त्याची कड हमखास कापली जाते. म्हणून एक्स-रे फिल्मसारखा पातळ, गुळगुळीत प्लॅस्टिकचा तुकडा दातांभोवती नळीसारखा गुंडाळून, त्यावर तेलाचा हात फिरवून सील त्यावरून न्यावे. रॅक गाइडचा (दांडा पिनियनला टेकवून धरणाऱ्या भागाचा) समायोजन स्क्रू किती फेऱ्यांनी सुटला हे नोंदवून ठेवावे. तो जास्त कसला तर वळणानंतर स्टेअरिंग सरळ येत नाही, सैल राहिला तर खडबडीत रस्त्यावर खडखडाट होतो.

तेल भरताना पुढची चाके अधांतरी असावीत. इंजिन बंद ठेवूनच स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत अनेकदा फिरवावे, टाकीत बुडबुडे येणे थांबेपर्यंत तेल पुरवत राहावे, आणि मगच इंजिन चालू करून तीच क्रिया सावकाश करावी. तेलाला फेस आला किंवा पंप कण्हू लागला तर हवा शिल्लक आहे. इंजिन बंद करून तेल शांत होऊ द्यावे. चाके आणि टाय रॉड पुस्तिकेतील टॉर्कप्रमाणे कसून झाल्यावर त्याच दिवशीची व्हील अलाइनमेंटची वेळ आधीच ठरवलेली असावी, कारण मोजलेले आटे गाडी तेथपर्यंत नेण्यापुरतेच पुरतात. निघालेले तेल गटारात न ओतता झाकणबंद डब्यात भरून, जुने तेल पुनर्प्रक्रियेसाठी देणाऱ्या गॅरेजात पोहोचवावे. जुना रॅक मात्र बदली देणारा विक्रेता मागू शकतो, म्हणून हिशेब पुरा होईपर्यंत तो ठेवून द्यावा.