स्पॅनिशमध्ये ‘करू नकोस’ म्हणताना या चुका टाळा

‘आब्ला’ म्हणजे बोल. मग ‘बोलू नकोस’साठी नवे शिकणारे सर्रास ‘नो आब्ला’ म्हणतात. त्याचा अर्थ होतो ‘तो बोलत नाही’. मनाई करायची तर ‘नो आब्लेस’ हवं. मराठीत ‘बोलत नाही’ आणि ‘बोलू नकोस’ यांत नकाराचा शब्दच वेगळा असतो. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘नो’च येतो, त्यामुळे सगळा भार क्रियापदाच्या शेवटावर पडतो.

रूप करताना वर्तमानकाळातलं ‘मी’चं रूप घ्या: आब्लो (बोलतो), कोमो (खातो), एस्क्रीबो (लिहितो). शेवटचा ‘ओ’ काढा. मूळ क्रियापद ‘आर’ने संपत असेल तर ‘ए’चे प्रत्यय लावा, ‘एर’ किंवा ‘ईर’ने संपत असेल तर ‘आ’चे. म्हणजे नेहमीच्या स्वराच्या नेमका उलट स्वर.

तू: नो आब्लेस, नो कोमास, नो एस्क्रीबास
उस्तेद (एकाला आदराने): नो आब्ले, नो कोमा, नो एस्क्रीबा
उस्तेदेस (अनेकांना): नो आब्लेन, नो कोमान, नो एस्क्रीबान
वोसोत्रोस (स्पेनमध्ये, जवळच्या अनेकांना): नो आब्लेइस, नो कोमाइस, नो एस्क्रीबाइस

‘तू’च्या रूपातला शेवटचा ‘स’ गाळू नका. होकारी आज्ञेत तो नसतो, म्हणून इथेही सुटतो, आणि मग ‘नो आब्ले’ ऐकणाऱ्याला आदरार्थी वाटतं. आपल्या ‘तुम्ही’चीही इथे फोड करावी लागते: एका वडीलधाऱ्या माणसाला ‘नो आब्ले’, अनेकांना ‘नो आब्लेन’.

स्पेलिंग

इथे नियमित क्रियापदंही फसवतात. ‘तोकार’ (हात लावणे) सी अक्षराने लिहितात. पण ‘ए’च्या आधी आलेल्या सीचा उच्चार ‘स’ होतो, स्पेनच्या बऱ्याच भागांत ‘थ’. ‘क’ टिकवायचा म्हणून सीच्या जागी क्यू आणि यू येतात: नो तोकेस. ‘पागार’ (पैसे देणे) मधल्या जीनंतर असाच यू घाला: नो पागेस. तो विसरलात तर ‘ग’चा उच्चार घशातल्या ‘ख’सारखा होतो. यू स्वतः उच्चारायचा नाही. ‘क्रूसार’ (ओलांडणे) मधला झेड मात्र ‘ए’पुढे सी होतो, उच्चार न बदलता: नो क्रूसेस. बोलताना यातलं काहीच जाणवत नाही, म्हणून ही रूपं लिहूनच पक्की करावीत.

‘ते’, ‘मला’, ‘तिला’ कुठे ठेवायचं?

होकारी आज्ञेत सर्वनाम क्रियापदाला मागून चिकटतं: कोम्प्रालो (ते विकत घे), लेवान्ताते (ऊठ). नकारात ते सुटं होऊन ‘नो’ आणि क्रियापद यांच्या मध्ये बसतं: नो लो कोम्प्रेस, नो ते लेवान्तेस. ‘नो कोम्प्रेसलो’ हे चूकच. दोन सर्वनामं असतील तर आधी व्यक्ती, मग वस्तू: नो मे लो एस्क्रीबास (ते मला लिहू नकोस). ‘तिला ते विकू नकोस’मध्ये ‘ले लो’ चालत नाही, ‘ले’चा ‘से’ होतो: नो से लो वेन्दास. ‘कोम्प्रालो’ लिहिताना पहिल्या ‘ओ’वर आघातचिन्ह लागतं, ‘कोम्प्रेस’वर ते देऊ नका.

दुहेरी नकार

‘काही खाऊ नकोस’ म्हणजे ‘नो कोमास नादा’. ‘नादा’ हा स्वतःच नकारी शब्द आहे, तरी ‘नो’ ठेवावाच लागतो. ‘नो आब्लेस कोन नादिए’ (कुणाशी बोलू नकोस) मध्येही तसंच. ‘नादा’च्या जागी ‘काहीतरी’ या अर्थाचा ‘आल्गो’ घालू नका. नकारी शब्द क्रियापदाच्या आधी आला तरच ‘नो’ गळतो: नुन्का कोमास एसो (ते कधीच खाऊ नकोस).

पाट्यांवर मूळ क्रियापदच दिसतं, उदाहरणार्थ ‘नो फुमार’, धूम्रपान करू नये. ती सर्वांसाठीची सूचना आहे. समोरच्या मित्राला सांगताना ‘नो फुमेस’ म्हणा, अनोळखी माणसाला ‘नो फुमे, पोर फाबोर’.