एनएमसी कॅथोडवर ॲल्युमिनाचा संरक्षक लेप कसा चढवावा

लिथियम-आयन बॅटरीच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट ऑक्साइडच्या) कॅथोडवर, म्हणजे धन ध्रुवावर, काही नॅनोमीटर जाडीचा लेप देण्यासाठी महागडे निर्वात यंत्र लागतेच असे नाही. सांगलीतल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले मॅग्नेटिक स्टरर आणि मफल भट्टीही त्यासाठी पुरतात. इलेक्ट्रोलाइटमधले लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्याच्या अंशानेही हायड्रोफ्लुओरिक आम्ल सोडते, ते आम्ल कॅथोडमधले मँगनीज विरघळवते आणि विरघळलेले मँगनीज पुढे ॲनोडवरचा (ऋण ध्रुवावरचा) संरक्षक थर बिघडवते. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, हा मारा स्वतःवर घेतो.

आधी हिशेब करावा. कॅथोडच्या पावडरचे पृष्ठफळ दर ग्रॅमला ०.४ चौरस मीटर, लेपाची जाडी ५ नॅनोमीटर आणि घनता दर घनसेंटीमीटरला ३ ग्रॅम धरली, तर ग्रॅमभर पावडरला ६ मिलिग्रॅम, म्हणजे १० ग्रॅमला ६० मिलिग्रॅम ॲल्युमिना लागतो. त्यासाठी ॲल्युमिनियम आयसोप्रोपॉक्साइड वजनाने चौपट, २४० मिलिग्रॅम घ्यावे. हे रसायन ओलाव्याने बिघडते. जुलै-ऑगस्टच्या कृष्णाकाठच्या दमट हवेत बाटली डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवावी आणि वजन झटपट उरकावे.

निर्जल आयसोप्रोपिल अल्कोहोल कोमट करून त्यात ते विरघळवावे, मग एनएमसी-५३२ (निकेल, मँगनीज, कोबाल्ट ५:३:२) पावडर घालून द्रव आटेपर्यंत ढवळत राहावे. पाणी वापरू नये, कारण ते पृष्ठभागावरचे लिथियम ओढून घेते. पावडर १२० अंशांवर वाळवल्यावर भिंगाखाली पाहावी: काळ्या पावडरीत पांढरे ठिपके दिसले, तर ॲल्युमिना कणांवर न बसता बाजूला गोळा झाला असे समजावे. त्यानंतर भट्टीत ४५० अंशांवर चार-पाच तास भाजावे. तापमान फार चढवल्यास ॲल्युमिनियम कणाच्या आत शिरते आणि लेप लेप राहत नाही.

तुलनेसाठी लेप नसलेली पावडरही त्याच अल्कोहोलमधून आणि त्याच भट्टीतून काढावी. ही पायरी गाळली, तर फरक लेपाचा की भाजण्याचा, हे कळणार नाही. पावडरची स्लरी (दाट मिश्रण) नेहमीप्रमाणे ॲल्युमिनियम फॉइलवर पसरावी, पण कॉइन सेल (बटनाएवढा चाचणी सेल) आर्गॉनच्या ग्लोव्हबॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) बांधावा.

पहिली दोन-तीन चार्ज-डिस्चार्ज आवर्तने सी/१० (दहा तासांत पूर्ण चार्ज) या संथ वेगाने द्यावीत. नंतर ४.५ व्होल्टपर्यंत चार्ज करून, दर २५ आवर्तनांनी त्याच चार्ज पातळीला इम्पीडन्स, म्हणजे सेलचा अंतर्गत रोध, मोजावा. लेपाच्या सेलचा रोध सुरुवातीला थोडा जास्त असला तरी चालेल. तो साध्या सेलपेक्षा सावकाश वाढायला हवा. जलद डिस्चार्जला क्षमता एकदम घसरली, तर लेप जाड झाला आहे आणि पुढच्या खेपेला आयसोप्रोपॉक्साइड निम्मे घ्यावे.