ग्लायडरच्या पंखाचा थकवा: या चुका टाळा

मेलबर्नपासून तासाभरावरच्या एका ग्लायडिंग क्लबात मी गेली सोळा वर्षं मेंटेनन्स बघतो. मूळचा पुण्याचा. हडपसरला डीजीसीएचं (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं) ग्लायडिंग सेंटर आहे, तिथं विंचनं (जमिनीवरच्या दोर ओढणाऱ्या यंत्रानं) सर्रकन वर जाणारी ग्लायडर्स, म्हणजे बिनइंजिनाची विमानं, लहानपणी कुंपणाबाहेर उभा राहून बघायचो, तेव्हापासून हे वेड आहे. आता इकडे शिकायला आलेली मराठी मुलंही क्लबात येतात, उत्साह भरपूर असतो, दोन सीझनमध्ये सोलो होतात (एकट्यानं उडायला लागतात) आणि लगेच चार जण मिळून जुनं ग्लायडर विकत घ्यायचं ठरवतात. मग मला फोन येतो, "काका, जरा बघता का, स्वस्तात मिळतंय." आणि दर वेळी त्याच चुका. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतोय.

आधी थकवा म्हणजे काय ते थोडक्यात. कपड्याच्या हँगरची तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण तीच पुढे-मागे वाकवत राहिलात की कट् करून तुटते. पंखाचं तेच. प्रत्येक उड्डाणात पंख वर वाकतो, लँडिंगला खाली येतो, मधे हवेचे धक्के, विंचची ओढ, लूप. पोलादात ताण एका मर्यादेखाली ठेवला तर ते जवळपास कायम टिकतं, अॅल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, छोटा ताणसुद्धा थोडं थोडं खातच असतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: नुसते तास मोजणं

"अजून दीड हजार तास शिल्लक आहेत" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की पोटात गोळा येतो. पंखाला घड्याळ कळत नाही हो, पंखाला फक्त किती वेळा आणि किती जोरात वाकवलं तेवढंच कळतं. एक तास शांत थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) एकट्यानं फिरणं आणि विंचवरून सहा-सहा मिनिटांची दहा उड्डाणं, तीही दोघं बसून, लॉगबुकात दोन्हीचा तास एकच. आणि नुकसान ताणाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, धातूच्या रिव्हेट मारलेल्या जोडांत ढोबळमानानं चौथ्या-पाचव्या घातानं वाढतं. म्हणजे ताण दुप्पट झाला तर त्या एका वाकण्याचं नुकसान सोळा ते बत्तीस पट. एका दुपारच्या एरोबॅटिक्सनं (हवेतल्या कसरतींनी) किती आयुष्य खाल्लं असेल याचा अंदाज करा.

हा हिशेब नवा नाही. १९२४ मध्ये पामग्रेन आणि १९४५ मध्ये मायनर यांनी मांडला, प्रत्येक वाकणं आयुष्याचा एक छोटा तुकडा खर्च करतं आणि सगळ्या तुकड्यांची बेरीज एक झाली की आयुष्य संपलं. हिशेब कच्चा आहे, एकसारखी दोन ग्लायडर्स सारखीच वापरूनही वेगवेगळ्या वेळी थकतात, म्हणून टेस्टमध्ये पंख जेवढा टिकला त्याच्या काही पटींनी कमी आयुष्य कागदावर देतात. पण कागदावरचा तो आकडा एका ठराविक वापरासाठी असतो. इतके टक्के विंच, इतके टक्के एरोटो (विमानानं ओढून नेणं), इतके सोलो, इतके ड्युअल (दोघं बसून), इतकं एरोबॅटिक्स. तुमचा वापर त्याहून कडक असेल तर तो आकडा तुमचा नाही.

ब्लॅनिक एल-१३ आठवतं का? चेकोस्लोव्हाकियात कुनोवित्सेला लेट कारखान्यात बनलेलं, १९५६ साली पहिल्यांदा उडालेलं, पूर्ण धातूचं दोन सीटर. अडीच हजारांहून जास्त बनली, जगभर हजारो लोक त्यावर शिकले. त्याचं मूळ आयुष्य ३७५० तास धरलेलं. १२ जून २०१० ला ऑस्ट्रियात एका एल-१३ चा उजवा पंख रूटजवळ (जिथं तो धडाला जोडतो तिथं) मुख्य स्पार (पंखाचा भार पेलणारा कणा) तुटून हवेतच निघाला, अपघात जीवघेणा होता. प्राथमिक तपासातच थकव्याचा संशय आला. युरोपच्या ईआसानं (विमान सुरक्षा संस्थेनं) आधी तातडीची तपासणी सांगितली, मग जुन्या नोंदी काढून प्रत्येक ग्लायडर नेमकं कसं वापरलं गेलं ते तपासायला लावलं, आणि त्याच वर्षी शेवटी उड्डाणच बंद केलं. अमेरिकेच्या एफएएनंही तेच केलं. लोक अजून चिडून म्हणतात की एका अपघातावरून सगळ्यांना जमिनीवर बसवलं. मला ते पटत नाही. जुन्या नोंदींत लाँच कसलं, आत माणसं किती, एरोबॅटिक्स किती हे धड लिहिलेलंच नसेल तर कुठलं ग्लायडर सुरक्षित आहे हे कुणी आणि कशावरून सांगायचं? इकडे ऑस्ट्रेलियात काही ब्लॅनिकांचा स्पार आधीच मजबूत केलेला होता, एल-१३ए१ म्हणतात त्याला, त्यांचं आयुष्य १२,००० तासांपर्यंत नेलेलं. तो आकडा मिळाला कारण कुणीतरी बसून काम केलं, पत्रे आणि रिव्हेट लावले आणि हिशेब दाखवला.

आता माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्या क्लबानं दुसऱ्या एका क्लबाकडून धातूचं दोन सीटर घ्यायचं ठरवलं. लॉगबुकात २१०० तास, मर्यादेच्या बरंच आत, रंग छान, किंमत चांगली, कमिटी खूश. मी लाँचचा आकडा बघितला, १४ हजार! भागाकार करा, एका उड्डाणाला सरासरी नऊ मिनिटं. म्हणजे जवळजवळ सगळं विंच. एरोबॅटिक्सच्या रकान्यात अख्ख्या वीस वर्षांत एकही आकडा नाही, आणि कॉकपिटमध्ये मात्र जी-मीटर (वजनाच्या किती पट, म्हणजे किती जी, भार आला ते दाखवणारा) बसवलेला. मी म्हटलं रोजच्या फ्लाइट शीट्स द्या. त्यांनी दोन खोकी भरून कागद दिले. सांगलीचा एक मुलगा नुकताच सोलो झालेला, तो माझ्याबरोबर बसला, पहिल्या संध्याकाळी मला म्हणाला, "काका, उगाच वेळ घालवताय, तास तर कमीच आहेत ना." मी म्हटलं, "अरे, तू फक्त शेरे वाचत जा, मी लिहितो." तिसऱ्या संध्याकाळी त्यालाच एक पान सापडलं, एरोबॅटिक्स कॅम्प, दिवसाला अठरा उड्डाणं, असे सहा कॅम्प वेगवेगळ्या वर्षांत. सगळा वापर मांडून या टाइपचं इंजिनिअरिंग बघणाऱ्या माणसाकडे पाठवला. उत्तर आलं की खऱ्या वापरानं हे ग्लायडर मर्यादेच्या अगदी दारात उभं आहे. आम्ही घेतलं नाही. कमिटीतले दोघं महिनाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत. तो मुलगा मात्र आता स्वतःच्या प्रत्येक उड्डाणाला लाँचचा प्रकार आणि आत किती माणसं ते लिहितो, आणि दुसऱ्यांच्या मागे लागतो.

माझी सवय सांगतो. लॉगबुकाच्या शेवटच्या पानावर मी चार रकाने हातानं आखतो: विंच, एरोटो, ड्युअल, एरोबॅटिक्सची मिनिटं. दर रविवारी संध्याकाळी भरतो, चहा पिता पिता दहा मिनिटांचं काम आहे. अॅप वापरा, एक्सेल वापरा, काहीही वापरा, पण महिन्याच्या शेवटी आठवून भरू नका, आठवून भरलेलं नेहमी कमी भरतं.

"दीडपट मार्जिन आहे की"

ही चूक इंजिनिअरिंगची मुलं करतात. सीएस-२२ या युरोपियन नियमावलीत युटिलिटी वर्गाच्या ग्लायडरला ५.३ जी आणि एरोबॅटिकला ७ जीची मर्यादा आहे, आणि त्यावर दीडपट सेफ्टी फॅक्टर. बरोबर. पण ते दीडपट एकदाच येणाऱ्या मोठ्या लोडसाठी आहे, नव्या, न थकलेल्या पंखासाठी. भोकापाशी क्रॅक सुरू झालेल्या स्पारकडे ते मार्जिन उरलेलंच नसतं. थकव्यासाठी नियमात वेगळा परिच्छेद आहे आणि तो म्हणतो की जिथं ताण एकवटतो अशा जागा शक्यतो ठेवूच नका. डिझाइनर ते पाळतो, आणि मग आपल्यातला एखादा हौशी माणूस ऑक्सिजनच्या नळीचा क्लॅम्प लावायला स्पारच्या पट्टीत ३ मिलिमीटरचं भोक पाडतो! कृपा करून स्पारला ड्रिल लावू नका, चिकटपट्टी लावा, दोरी बांधा, नाहीतर ती वस्तूच लावू नका.

वजनाचंही असंच. लोकांना वाटतं एकूण वजन मर्यादेत आहे म्हणजे झालं. मॅन्युअलमध्ये लिफ्ट न देणाऱ्या भागांचं कमाल वजन वेगळं दिलेलं असतं, फ्युजलाज (धड), शेपूट, माणसं, बॅटऱ्या, सगळं त्यात. वजन वाढवायला पंखात भरलेलं पाणी पंखाची लिफ्टच जागच्या जागी उचलते, पण मधे बसलेली दोन जाडजूड माणसं रूटला पूर्ण वाकवतात. तो आकडा शोधा आणि कॉकपिटमध्ये लिहून लावा.

"फायबरला थकवा येत नाही"

येतो, उशिरा आणि वेगळ्या पद्धतीनं येतो. काचतंतूच्या ग्लायडर्सना सुरुवातीला बहुतेक ३००० तास देत, मग उत्पादकाच्या यादीप्रमाणे मोठी तपासणी करून ६०००, पुढं टप्प्याटप्प्यानं १२,००० पर्यंत. हे टप्पे हवेतून आलेले नाहीत, जर्मनीत आणि इथं मेलबर्नला आरएमआयटी विद्यापीठात खरे पंख महिनोन्महिने मशीनवर वाकवून बघितलेत, जानस ग्लायडरचा पंखसुद्धा. पण ३००० तासांची तपासणी म्हणजे फॉर्मवर टिकमार्क असं समजणारे लोक आहेत. त्या यादीतली प्रत्येक ओळ कुठल्या तरी टेस्टमध्ये किंवा वापरात काहीतरी खराब झालं म्हणून आलीय, असं धरून वाचा.

आणखी एक चूक, जिच्यासाठी मी खरंच रागावतो: तपासणीच्या आधी पॉलिश

एक सदस्य होते, अतिशय मेहनती, ग्लायडरवर जिवापाड प्रेम. वार्षिक तपासणीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एअरब्रेकच्या (पंखातून वर येणाऱ्या ब्रेकच्या पट्टीच्या) खोबणीच्या कोपऱ्यातले जेलकोटचे (वरच्या चकचकीत थराचे) बारीक क्रॅक घासले, भरले, आरशासारखं पॉलिश केलं आणि अभिमानानं मला दाखवलं. मला काही दिसेना! क्रॅक नुसत्या जेलकोटमध्ये होते की खाली कापडापर्यंत गेलेले, कुठल्या दिशेला होते, गेल्या वर्षीपेक्षा वाढले का, सगळा पुरावा सँडपेपरबरोबर गेला. जेलकोट म्हातारा होऊन तडकतो तेव्हा जाळं पसरतं, ते बहुतेक वरवरचं. पण एका कोपऱ्यातून निघून पंखाच्या रुंदीच्या दिशेनं जाणारी एकटी रेघ दिसली तर थांबायचं, कारण पंख वाकतो तेव्हा ताण लांबीच्या दिशेनं पडतो आणि क्रॅक त्याला आडवा जातो. शेवटी त्यांनी आठ दिवस खपून केलेलं काम आम्ही दोन तासांत पुन्हा घासून काढलं. एका कोपऱ्यात खालचं कापड दुधासारखं पांढुरकं झालेलं, म्हणजे रेझिन (तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ) तंतूपासून सुटू लागलेलं. रिपेअर झाला, ग्लायडर उडतंय, पण ते पॉलिश तसंच मान्य केलं असतं तर वर्षभर कुणाला पत्ता नसता.

माझी पद्धत साधी आहे. क्रॅक दिसला की दोन्ही टोकांना पेन्सिलनं बारीक खूण, बाजूला तारीख, आणि नाणं ठेवून फोटो. पुढच्या वेळी रेघ खुणेच्या बाहेर गेली असेल तर उड्डाण बंद, मग शनिवार असो की स्पर्धा. धातूवर टॉर्च सपाट कोनात धरतो आणि दहापट भिंगानं बघतो. पण भिंगानं दिसलं नाही म्हणजे क्रॅक नाही असं अजिबात नाही, रिव्हेटच्या डोक्याखाली, दोन पट्ट्यांच्या मधे काहीच दिसत नाही, तिथं एडी करंटच (विजेच्या प्रवाहानं लपलेला क्रॅक शोधणारी तपासणी) लागतो आणि तो प्रशिक्षित माणसानंच करायचा. भाड्यानं मशीन आणून व्हिडिओ बघत करू नका.

बाकीच्या चुका पटापट.

जोराचं लँडिंग, ग्राउंडलूप (जमिनीवर गर्रकन फिरणं) लॉगमध्ये न लिहिणं. लाजू नका, लिहा.

एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हचं (सुरक्षेच्या बंधनकारक आदेशाचं) नुसतं शीर्षक वाचून "आपल्याला लागू नाही" म्हणणं. सीरियल नंबरची रांग वाचा, आणि ज्या देशात ग्लायडर डिझाइन झालं तिथलं मूळ डायरेक्टिव्हही वाचा.

वेगमापकावरच्या पिवळ्या पट्ट्यातल्या वेगानं खडबडीत हवेत घुसणं. तिथं एक धक्का शंभर साध्या उड्डाणांएवढा महाग पडू शकतो.

लाकडी आहे म्हणजे थकव्याची भीती नाही. लाकूड थकव्याला चिवट असतं हे खरं, आपल्याकडे भारतात बनलेलं रोहिणी ग्लायडर लाकडीच होतं, पण तिथं सरस आणि ओल बघा.

पंख जोडताना मेन पिन जात नाही म्हणून हातोडा. पिन जात नसेल तर पंख नीट धरलेला नाही. आणि जोडल्यावर पंखाचं टोक पुढं-मागं हलवून रूटला कान लावा, टक् आवाज आला तर बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) झिजलेत, ते झिजलेले ठेवून उडलात की प्रत्येक लोड धक्क्यानं बसतो.

जुनं ग्लायडर घेणार असाल तर पैसे बोलायच्या आधी पहिल्या दिवसापासूनच्या लॉगबुकाचे फोटो मागवा. "पहिल्या मालकाचं लॉगबुक हरवलंय" असं म्हणाले तर त्या वर्षांचा वापर शून्य धरू नका, कडकातला कडक धरा, आणि तरीही आयुष्य उरत असेल तरच ट्रेलर जोडून बघायला जा. मला फोन त्यानंतर करा, फोटो पाठवा, मी रविवारी संध्याकाळी बसतोच.