आंदोलनाची मागणी निवडणुकीच्या ऐरणीवर कशी आणावी

आंदोलनाला निवडणुकीच्या प्रचारावर प्रभाव टाकायचा असेल, तर मागण्यांच्या लांबलचक निवेदनातून आधी एकच मागणी निवडावी. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी कांदा निर्यातीवर बंदी घातल्यानंतर नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला रास्ता रोको झाला, आणि वीज, पीकविमा, कर्ज हे प्रश्न तितकेच खरे असूनही गावोगावी चर्चा राहिली ती निर्यातबंदी उठवण्याचीच.

निवडलेली मागणी मतदाराच्या हिशेबात मांडावी. पत्रकात धोरणावर भाष्य करण्यापेक्षा बंदीपूर्वीचा आणि आजचा क्विंटलचा भाव, दोन्ही आपल्याच बाजार समितीतले आणि शेतकऱ्याच्या हातातील हिशेबपट्टीवरून घेतलेले, शेजारी शेजारी छापावेत. ते कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत आणि सहसा खोडताही येत नाहीत. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापणे कायद्याने बंधनकारक आहे, हेही विसरू नये.

त्यानंतर सर्व उमेदवारांना एकच लेखी प्रश्न पाठवावा, ज्याचे उत्तर हो किंवा नाही असेच देता येईल. 'आम्ही शेतकऱ्यांच्या पाठीशी आहोत' हे उत्तर न मानता प्रश्न पुन्हा विचारावा आणि मिळालेली उत्तरे जशीच्या तशी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावीत. प्रश्न सत्ताधाऱ्यांइतकाच विरोधकांनाही विचारावा, कारण ही पायरी गाळली की आंदोलन एखाद्या पक्षाची शाखा वाटू लागते, आणि माझ्या मते आंदोलनांची पत सर्वाधिक जाते ती इथेच. सभेतला प्रश्नही थोडक्यात असावा: 15 मे 2024 रोजी पिंपळगाव बसवंत येथे पंतप्रधानांच्या सभेत एका तरुणाने कांद्यावर बोलण्याची मागणी केली आणि ती चित्रफीत राज्यभर पोहोचली.

सवलत जाहीर होताच तिच्या अटी वाचून लोकांना सांगणारी जाणकार व्यक्ती आधीच नेमून ठेवावी. 2024 च्या लोकसभेसाठी नाशिक भागात मतदान 20 मे रोजी होते आणि बंदी 4 मे रोजी उठली, परंतु टनाला किमान 550 डॉलर निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) आणि 40 टक्के निर्यात शुल्क लागू केल्याने नाराजी ओसरली नाही. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी मतदारसंघात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या आणि कांदा हे त्यामागचे एक मोठे कारण मानले गेले.

निकालानंतरही पाठपुरावा सोडू नये. विधानसभेच्या तोंडावर, सप्टेंबर 2024 मध्ये, किमान निर्यातमूल्याची अट गेली आणि शुल्क 20 टक्क्यांवर आले. उरलेले शुल्क रद्द होण्यासाठी मात्र 1 एप्रिल 2025 उजाडावा लागला.