छोट्या टॉर्चचा फुल मोड लगेच पडायचा, तो असा सुधारला
टॉर्च १८६५० सेलवाली (रिचार्ज होणारा लिथियम सेल), सेल ४.२ व्होल्टला फुल चार्ज, तरी टर्बोवर (म्हणजे फुल मोडवर) टाकली की काही सेकंदांत उजेड उतरायचा. अंधाऱ्या खोलीत टॉर्च छताकडे उभी करून मोबाइलच्या उजेड मोजणाऱ्या लक्स ॲपवर रीडिंग घेतली, आकडा खरा नसला तरी आधी-नंतरची तुलना मस्त कळते. मग मागची कॅप काढून सेलचं निगेटिव्ह जाड तांब्याच्या वायरने बॉडीच्या उघड्या कडेला टेकवलं तर रीडिंग चक्क वाढलं, म्हणजे करंट अडत होता कॅपमध्येच! कॅपमधली स्प्रिंग छोटी वाटते पण ६ अँपिअरला तिचा रोध नुसता ०.०५ ओहम असला तरी ०.३ व्होल्ट तिथेच जातात. स्प्रिंगच्या आतून मऊ सिलिकॉन वायर सोल्डर केली, मात्र स्प्रिंग दाबली जाईल एवढा ढिलेपणा ठेवायचा. कॅपचे आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. एलईडीची तांब्याची प्लेट उचलली तर खाली उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळून पापडी झालेली, अर्धी जागा कोरडीच, ती साफ करून थर्मल पेस्टचा अगदी पातळ थर दिला. आता बॉडी आधीपेक्षा लवकर तापते आणि तेच हवंय, उष्णता एलईडीतून बाहेर येतेय. उजेड बराच वेळ टिकतो.